शेवाळ : एक शब्द, अनेक जीव

मागील घटकात शब्दाचा अर्थविस्तार कसा होतो, हे आपण पाहिले. ‘शेवाळ’ हा त्याचा बोलका नमुना आहे. खारेपाटणसारख्या गावात पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर चढते ते शेवाळ. विहिरीत हिरवे तंतू वाढतात तेही शेवाळ. आणि तळ्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय धरते, तिलाही आपण शेवाळच म्हणतो. संस्कृतातील ‘शैवाल’ हे पाण्यातील वनस्पतीचे नाव. मराठीने त्यावरून ‘शेवाळणे’ हे क्रियापदही घडवले.

तळ्यावरची ही साय पुष्कळदा मायक्रोसिस्टिस या प्रजातीची असते. ग्रीक घटकांनुसार या नावाचा अर्थ ‘लहान पिशवी’, आणि तो समर्पक आहे. मिलिमीटरच्या काही सहस्रांश व्यासाच्या असंख्य गोल पेशी एका बुळबुळीत आवरणात वसाहत करून राहतात. पेशींतील वायूने भरलेल्या सूक्ष्म पोकळ्यांमुळे वसाहत वर येते आणि वाऱ्याने काठाशी लोटली जाते. खाडीचे खारे, भरती-ओहोटीने हलणारे पाणी तिला सहसा मानवत नाही. तिला हवे असते संथ, उबदार, सांडपाण्याने वा खतांनी पोसलेले गोडे पाणी. घाटावर, कोल्हापूरच्या रंकाळ्यात तिची वाढ नोंदवली गेली आहे.

अशा जीवांना शास्त्रज्ञ पूर्वी नील-हरित शैवले म्हणत. त्यांच्या पेशींत केंद्रक नसते. या आधारे १९६२ मध्ये स्टॅनियर व व्हॅन नील यांनी त्यांना जीवाणूंच्या पंक्तीत बसवले. पुढे ‘सायनोबॅक्टेरिया’ ही संज्ञा रूढ झाली, तरी मराठीत जुने नाव टिकून आहे. शास्त्र पुढे जाणे आणि संज्ञा मागे राहणे, हे भाषेला नवे नाही. येथे मात्र त्याची किंमत मोजावी लागू शकते. शेवाळ म्हटले की पाणी फडक्याने गाळावे, उकळावे, एवढेच सुचते. मायक्रोसिस्टिसचे अनेक वाण मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक विष तयार करतात. उकळण्याने ते नष्ट होत नाही. उलट पेशी फुटून पाण्यात मिसळते. ब्राझीलमधील कारुआरू येथे १९९६ मध्ये अशा पाण्यावर डायलिसिस झाल्याने ५० हून अधिक रुग्ण दगावले. दीर्घकाळ पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने यातील मायक्रोसिस्टिन-एलआर या प्रकाराची मर्यादा लिटरमागे १ मायक्रोग्रॅम ठेवली आहे.

तळ्याकाठच्या फलकावर ‘सायनोबॅक्टेरिया’ लिहून फारसे साधणार नाही. माझ्या मते ‘विषारी हिरवी साय’ हा शब्दप्रयोग अधिक उपयोगी ठरेल.

स्वाध्याय : आपल्या बोलीत पायरीवरचे, विहिरीतले आणि तळ्यावरचे शेवाळ यांना वेगळे शब्द आहेत का, ते वडीलधाऱ्यांना विचारून नोंदवा.