आतून कडी लावलेली खोली

१९३३ सालचा ‘द केनेल मर्डर केस’ हा मायकेल कर्टिझचा बोलपट परवा आम्ही सहकुटुंब पाहिला. न्यूयॉर्कचा आर्चर को हा चिनी कलावस्तूंचा संग्राहक आपल्या खोलीत मरून पडलेला सापडतो. हातात पिस्तूल, कपाळाच्या कडेला गोळी, दाराला आतून कडी! पोलीस म्हणतात, आत्महत्या. विल्यम पॉवेलने रंगवलेला डिटेक्टिव्ह फायलो व्हान्स म्हणतो, खून.

टाचण्या आणि दोरा यांनी ती कडी बाहेरून कशी लागली, हे व्हान्सने दाखवताच आमच्या चिरंजीवांनी टाळ्या पिटल्या. मी मात्र वैद्यकीय तपासणीपाशीच अडलो होतो. गोळी लागली ती प्रेताला. माणूस आधीच पाठीतल्या घावाने मेला होता. म्हणजे एकाच रात्री, एकाच माणसाच्या जिवावर दोघे उठले होते! पुतणी, भाऊ, सेक्रेटरी, स्वयंपाकी. राग नाही असे कोण होते?

“एवढ्या मोठ्या घरात त्याच्यासाठी रडायला कुणी नाही हो,” सौ. हळूच म्हणाली.

कडीचे कोडे व्हान्सने सोडवले. हे कोडे त्याच्याही हाती लागले नाही. खुनी कोण? ते मात्र, वाचकहो, पडद्यावरच पाहा!