बाबूजींनी पुन्हा गायलेलं रामायण

गीतरामायण म्हटलं की आपल्या कानात एकच आवाज उमटतो, सुधीर फडक्यांचा, म्हणजे आपल्या बाबूजींचा. राम तेच, सीता तेच, कौसल्या तेच आणि सेतू बांधणारे वानरही तेच. कोल्हापूरजवळच्या आमच्या उचगावात काय किंवा पलीकडे गांधीनगरच्या बाजारपेठेत काय, चैत्रात कुठेही स्पीकर लागला तरी हाच आवाज. मूळ गीतरामायण मात्र असं नव्हतं, हे आज पन्नाशीच्या आतल्या कित्येकांना ठाऊक नसतं. आपण ऐकतो ती संगीतकाराने आपल्याच चाली काही वर्षांनी स्वतः गाऊन केलेली दुसरी आवृत्ती आहे. मूळ आवृत्तीला तिने जवळजवळ झाकून टाकलं.

पुणे आकाशवाणीवरचे सीताकांत लाड हे कवी ग. दि. माडगूळकरांचे, म्हणजे गदिमांचे मित्र. वर्षभर चालेल अशी संगीतमालिका हवी, ही कल्पना त्यांची. 1 एप्रिल 1955, शुक्रवार, रामनवमी. त्या दिवशी पहिलं गीत प्रसारित झालं. पुढे दर आठवड्याला एक नवं गीत. त्या वर्षी अधिक मास आल्याने बावन्नाची छप्पन्न गीतं झाली आणि 19 एप्रिल 1956 च्या रामनवमीला मालिका संपली. लिहिणारे ग. दि. माडगूळकर, चाली लावणारे सुधीर फडके. दोघांचाही जन्म 1919 चा. त्या शुक्रवारी दोघंही पस्तीस वर्षांचे होते.

फडके मूळचे आमच्या कोल्हापूरचे. रामचंद्र विनायक फडके हे त्यांचं खरं नाव. वामनराव पाध्यांकडे त्यांनी इथेच गाण्याचे धडे घेतले. माडगूळकर शेटफळ्यात जन्मले, औंध-कुंडलकडे शिकले आणि सिनेमाच्या ओढीने कोल्हापुरात आले. मास्टर विनायकांच्या हंस पिक्चर्सच्या दिवसांत त्यांनी पडेल ते काम केलं. गीतरामायण पुण्यात घडलं हे खरं, पण ते घडवणारे दोन हात तयार झाले कोल्हापुरात. इथल्या माणसाला याचा अभिमान वाटतो आणि तो वाटायलाच हवा.

रेडिओवरच्या त्या छप्पन्न गीतांत फडके होते, पण एकटे नव्हते. बहुतेक पात्रांना आपापला गळा होता. सीतेसाठी माणिक वर्मा, कौसल्येसाठी ललिता फडके. वसंतराव देशपांडे, राम फाटक, बबनराव नावडीकर, मालती पांडे, सुरेश हळदणकर, लता मंगेशकर, अशी नुसती नावं घेतली तरी त्या काळच्या मराठी गाण्याचा अर्धा इतिहास डोळ्यांपुढे येतो. प्रभाकर जोगांचं व्हायोलिन सोबतीला. सगळा कारभार आठवड्याच्या मुदतीत चाले. गीत हातात पडायचं, चाल बसायची, गायकाला शिकवायची, तालीम आणि लगेच प्रसारण. पहिल्याच गीताचा कागद फडक्यांकडून हरवला आणि संतापलेल्या गदिमांना खोलीत बसवून ते पुन्हा लिहवून घेतलं, अशी हकिकत सांगतात. म्हणजे या मालिकेतलं पहिलं गीतच दुसऱ्यांदा लिहिलेलं!

लोकांनी ते डोक्यावर घेतलं. 1957 मध्ये प्रकाशन विभागाने गीतांचं पुस्तक काढलं. फडके मंचावर बसून, स्वतः पेटी वाजवत, एकट्याने ही गीतं गाऊ लागले. साठच्या दशकात एचएमव्हीने त्यांच्याच आवाजात छप्पन्नही गीतांचं मुद्रण केलं. दहा लाँगप्लेइंग तबकड्या, म्हणजे वीस बाजू. एका बाजूवर सरासरी तीन गीतंही बसत नाहीत, इतकी ती ऐसपैस गायली आहेत. सिनेगीताच्या तीन-साडेतीन मिनिटांची सवय असलेल्या काळात एवढी कडवी न गाळता रेकॉर्ड करणं हा धाडसाचाच निर्णय होता.

आपलीच जुनी गाणी पुन्हा मुद्रित करणारे कलावंत जगात इतरही आहेत. कॅनडाच्या जोनी मिशेल यांनी ‘बोथ साइड्स नाऊ’ विशीत लिहिलं आणि 1969 च्या अल्बममध्ये गायलं. 2000 साली मोठ्या वाद्यवृंदासह त्यांनी ते पुन्हा गायलं तेव्हा आवाज खाली उतरला होता, खरखरला होता, आणि गाण्याचा अर्थ मात्र अधिक खोल गेला होता. टेलर स्विफ्टचं कारण वेगळं. तिच्या जुन्या मुद्रणांचे हक्क परक्या हातांत गेले, म्हणून 2021 पासून तिने एकेक अल्बम नव्याने गाऊन बाजारात आणला. बाबूजींचं प्रकरण या दोन्हींत बसत नाही. दुसऱ्यांच्या गळ्यांसाठी बांधलेल्या चाली त्यांनी स्वतःच्या गळ्यात घेतल्या. त्यात स्त्रियांची गीतं होती, म्हाताऱ्यांची होती, राक्षसांचीही होती.

हे जमलं कसं? सीतेचं गीत गाताना बाबूजी बायकी आवाज काढत नाहीत. शूर्पणखेसाठी गळा वेडावाकडा करत नाहीत. ते उभे राहतात कीर्तनकाराच्या जागी. आख्यान लावलं की बुवा एकटेच सगळी पात्रं होतात आणि श्रोत्यांना त्यात काही खटकत नाही, कारण समोर कथा सांगणारा आहे हे त्यांना माहीत असतं. गदिमांनी ती जागा पहिल्याच गीतात करून ठेवली आहे. भूप रागातलं ते गीत. लव-कुश रामाच्या सभेत रामाचंच चरित्र गातात आणि राम समोर बसून ते ऐकतो. स्वतःचं तारुण्य, वनवास, विरह, सगळं गाण्यातून पुन्हा त्याच्यापुढे येतं. चाळिशी ओलांडलेला संगीतकार आपल्या पस्तिशीतल्या चाली पुन्हा गायला बसतो, तेव्हा या प्रसंगाला आणखी एक पदर जोडला जातो, असं मला नेहमी वाटतं.

चित्रकूटावर राम भरताची समजूत घालतो ते गीत मुद्दाम नीट ऐकावं. राग यमन. कडव्यामागून कडवी येतात आणि चाल बहुतेक तीच राहते. दुसरा गायक असता तर पाचव्या कडव्याला तानेचा मोह आवरला नसता. बाबूजी शब्दाला धक्का लागू देत नाहीत. जोडाक्षर पूर्ण उच्चारलं जातं, श्वास अर्थ संपतो तिथेच घेतला जातो, आणि त्याच स्वरांवर एका कडव्यात उपदेश ऐकू येतो तर पुढच्यात धाकट्या भावाची माया. पुढे मंचावर ते हे शेकडो वेळा गायले, अगदी उतारवयापर्यंत. गदिमा 14 डिसेंबर 1977 रोजी गेले, बाबूजी 29 जुलै 2002 रोजी. बाबूजींचे चिरंजीव श्रीधर फडके आज तेच कार्यक्रम करतात.

एक खंत मात्र आहे. दुसऱ्या आवृत्तीच्या तेजात पहिली झाकोळली. गावोगावी रामनवमीला गीतरामायण बसवणारी मंडळी आता तबकडीवरूनच शिकतात, त्यामुळे सीतेचं गीत म्हणणारी मुलगीसुद्धा बाबूजींच्याच जागा घेते. माणिक वर्मांनी त्याच चालीत आपल्या जागा कशा घेतल्या होत्या, हे तिला कुणी ऐकवलेलंच नसतं. संगीतकाराने आपलं गाणं गायलं की तोच प्रमाण पाठ ठरतो, हे स्वाभाविक आहे. पण चाल बांधताना त्याच संगीतकाराच्या मनात माणिकबाईंचा गळा होता, हेही तितकंच खरं.

आकाशवाणीवरच्या त्या मूळ प्रसारणातली काही गीतं आजही संग्राहकांकडे आणि इंटरनेटवर ऐकायला मिळतात. आवाज जरा दूरचा येतो, पण वाद्यमेळ छान कळतो. या दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या मुलांना घेऊन बसा. आधी माणिक वर्मांची सीता लावा, मग तेच गीत बाबूजींच्या आवाजात लावा, आणि दोघांनी कुठल्या शब्दावर थांबा घेतला ते मुलांनाच शोधायला सांगा.