लिफ्टमधला कागद आणि गावातली सोसायटी

कवठे येमाईत ‘सोसायटी’ म्हटलं की कुणाच्या डोळ्यांसमोर बिल्डिंग येत नाही. ‘जरा सोसायटीत जाऊन येतो’ म्हणजे वडील पीककर्जाचं नवं-जुनं करायला निघाले. ‘सोसायटी लागली’ म्हणजे निवडणूक लागली. मग पॅनेल पडतात, पारावर आकडेमोड होते, एकेका मताचा माग काढला जातो, काठावरचे मतदार सहलीला जातात. चेअरमन कोण, सचिव कोण, कुणाचं कर्ज थकलंय आणि कुणाचं मागच्या दाराने मंजूर झालं, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

मग तुम्ही बारावी होता आणि पुण्याला येता. नगर रोडच्या बाजूला, वाघोली-खराडीकडे, चौघं-पाचजणं मिळून टू बीएचके घेता. इथेही सोसायटी असते. पण तिचा चेअरमन कोण हे तुम्हाला माहीत नसतं. खरं सांगायचं तर तिथल्या अर्ध्या सभासदांनाही माहीत नसतं. तुमची तिच्याशी ओळख होते ती लिफ्टमध्ये चिकटवलेल्या कागदातून. ‘बॅचलर भाडेकरूंनी पाहुणे आणू नयेत. मुलींना प्रवेश नाही. रात्री अकरानंतर गेट बंद. नियम मोडल्यास दोन हजार रुपये दंड. हुकमावरून, कमिटी.’

हा कागद नियम आहे का? आज बोलायचंय ते एवढ्याचबद्दल.

आधी एक गंमत बघा. गावातली पीककर्जाची सोसायटी आणि पुण्यातली बिल्डिंगची सोसायटी, दोन्ही एकाच कायद्याची लेकरं आहेत: महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. दोन्हींना सभासद लागतात, दोन्हींची कमिटी पाच वर्षांसाठी निवडली जाते, दोन्हींना आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. २०१९ मध्ये या कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं, पण मूळ तत्त्व तेच राहिलं. सत्ता कमिटीची नाही, सर्वसाधारण सभेची. आणि सभेच्याही वर असतात ‘उपविधी’, म्हणजे उपनिबंधकांकडे नोंदवलेली संस्थेची नियमावली. कमिटीला वाटलं म्हणून नियम होत नाही. सेक्रेटरीने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं आणि वीस जणांनी अंगठा दाखवला, म्हणूनही होत नाही.

दंडाचंच घ्या. सरकारने गृहनिर्माण संस्थांसाठी आदर्श उपविधी तयार केलेत आणि बहुतेक सोसायट्यांनी तेच थोड्याफार फरकाने स्वीकारलेत. त्यात दंडाची रीत दिली आहे. कोणत्या चुकीला किती दंड, हे सर्वसाधारण सभेने ठरवायचं. नियम मोडणाऱ्या सभासदाला आधी लेखी कळवायचं. तरी ऐकलं नाही तर कारणे दाखवा नोटीस द्यायची, त्याचं म्हणणं ऐकायचं आणि मगच दंड लावायचा. यात ‘सभासद’ हा शब्द नीट वाचा. भाडेकरू सभासद नसतो. म्हणजे वॉचमनने गेटवर गाडी अडवून ‘आधी दोन हजार टाका’ म्हणणं कुठल्याच रीतीत बसत नाही. नोटीस जाईल ती तुमच्या घरमालकाला. पाणी तोडणं, लिफ्टचं कार्ड बंद करणं, कामवाल्या मावशींना गेटवरून परत पाठवणं, असलं काही तर त्या दंडाच्या कलमात नाहीच.

हे वाचताना मला आपल्याच तालुक्यातला कर्डे गावचा प्रसंग आठवतो. डिसेंबर १८७४. तिथल्या एका सावकाराने हुकूमनामा मिळवून कर्जदाराचं घर पाडायला घेतलं. गावाने काय केलं, तर सावकारांवर बहिष्कार टाकला. दुकानात जायचं नाही, न्हाव्याने दाढी करायची नाही, पाणी भरायचं नाही. पुढच्या वर्षी, १२ मे १८७५ ला सुप्यात उद्रेक झाला आणि इतिहासाच्या पुस्तकात आपण ज्याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतो ते पेटलं. त्यातून १८७९ चा शेतकरी संरक्षणाचा कायदा आला. शेतकऱ्याच्या मानेवरचं सावकाराचं जोखड सैल व्हावं म्हणून १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. म्हणजे ‘सोसायटी’ हा शब्द आपल्याकडे आला तोच सावकारी कर्जाला पर्याय म्हणून. घरांसाठी तो वापरला गेला नंतर, १९१५ मध्ये, मुंबईच्या गावदेवीत सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली तेव्हा.

कर्ड्याच्या लोकांकडे तेव्हा दुसरं हत्यार नव्हतं. कोर्ट सावकाराचं ऐकत होतं. म्हणून दूध-पाणी-न्हावी बंद. आजच्या कमिटीकडे मात्र कायदा आहे, उपविधी आहेत, उपनिबंधक आहेत, सहकार न्यायालय आहे. तरीही ती तेच हत्यार उचलते आणि तेही अठरा-वीस वर्षांच्या भाडेकरू पोरांवर. हे मला पटत नाही.

आता मुख्य दुखणं: ‘बॅचलर चालणार नाहीत.’ आदर्श उपविधींमध्ये असं कलम नाही. फ्लॅट भाड्याने द्यायला सभासदाला सोसायटीची पूर्वपरवानगीही लागत नाही. त्याने आधी कळवायचं, नोंदणीकृत कराराची प्रत द्यायची आणि पोलिसांना माहिती द्यायची, एवढं पुरतं. ‘एनओसी’साठी भाडेकरूला आई-बापासकट मुलाखतीला बोलावणारी कमिटी स्वतःच्याच नियमावलीबाहेर गेलेली असते. पण थांबा, सगळं आपल्याच बाजूने आहे असं समजू नका. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, फक्त पारशांनाच सभासद करून घेण्याचा उपविधी वैध ठरवला होता. उपविधी हा सभासदांनी आपसात केलेल्या कराराइतकाच बांधील, असा त्यामागचा विचार. मला तो निकाल आवडत नाही, पण तो आहे. त्यामुळे भांडताना ‘हे घटनेच्या विरोधात आहे’ अशी आरोळी ठोकण्यापेक्षा ‘हे तुमच्या नोंदणीकृत उपविधींत कुठल्या क्रमांकाला आहे?’ हा साधा प्रश्न जास्त कामाचा. नव्वद टक्के कागद या प्रश्नावर गळून पडतात, असं मी आकडेवारीने नाही, अंदाजाने म्हणतो.

आणखी एक पैशाची गोष्ट. फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी मालकाकडून ‘बिनभोगवटा शुल्क’ घेते. मालक ते तुमच्या भाड्यात चढवतो आणि म्हणतो, काय करणार, सोसायटी ऐकत नाही. १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशानुसार हे शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. एका मोठ्या सोसायटीने त्याला आव्हान दिलं, पण २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश कायम ठेवला. समजा सेवा शुल्क महिन्याला दीड हजार असेल, तर बिनभोगवटा शुल्क जास्तीत जास्त दीडशे. सेवा शुल्क म्हणजे पूर्ण मेंटेनन्स नव्हे, पालिकेचे कर त्यात धरायचे नाहीत. आणि सख्ख्या भावाच्या किंवा बहिणीच्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर ते लागूच होत नाही.

तुमच्या हातात असायलाच हवा असा एकच कागद आहे: भाडेकराराची नोंदणीकृत प्रत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं. ‘कशाला खर्च, आपण घरचेच’ असं म्हणणारा मालक गोड बोलत असला तरी हा मुद्दा सोडू नका. सोसायटीचा वाद झाला की घरचा माणूस फोन उचलत नाही.

कमिटीची बाजूही ऐका, कारण ती खोटी नाही. उन्हाळ्यात टँकर येतो आणि त्याचं बिल सगळ्यांत वाटलं जातं. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मालक आठ-आठ पोरं भरतो, भाडं डोकशी घेतो आणि पाण्याचा भार शेजाऱ्यांवर टाकतो. पार्किंगमध्ये अकरा बाइक. रात्री दोनला गच्चीवर वाढदिवस, केक भिंतीला. रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे नियम सगळ्यांना लागू आहेत, आणि शेजाऱ्यांना उपद्रव न देण्याची अट उपविधींतही आहे. त्यावर नोटीस आली तर ती रास्तच. सेक्रेटरी हा बहुतेक वेळा नोकरीवरून दमून आलेला, बिनपगारी, सगळ्यांच्या शिव्या खाणारा माणूस असतो. त्याला वकिली भाषेत धमकावू नका. फक्त ‘उपद्रव’ आणि ‘बॅचलर’ हे दोन शब्द समानार्थी नाहीत, एवढं त्यालाही सांगायला हवं.

मग असे कागद लिफ्टमध्ये चिकटतात तरी कसे? कारण सभेला कुणी येत नाही. मालक बाणेरला, दुसरा दुबईला, तिसऱ्याने गुंतवणूक म्हणून घेतलेला फ्लॅट. कोरम भरत नाही, सभा तहकूब होते, पुन्हा भरते तेव्हा कोरमची अट नसते आणि सात माणसं दीडशे घरांचे नियम ठरवून चहा पिऊन उठतात. ग्रामसभेचंही हेच होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तिथेही गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जे कमी ते. तेवढीही माणसं जमत नाहीत आणि तहकूब सभेत सगळं मंजूर होतं. पण पीककर्जाच्या सोसायटीच्या निवडणुकीला मात्र आजारी म्हाताऱ्यालाही गाडीत घालून आणतात. जिथे आपलं काही अडकलंय हे कळतं, तिथे लोक येतात. अठरा पूर्ण झाले आणि गावच्या मतदार यादीत नाव असेल तर ग्रामसभेत बोलण्याचा हक्क तुम्हालाही आहे. पुण्यातल्या सोसायटीत तो हक्क तुमच्या मालकाला आहे, तुम्हाला नाही. म्हणून त्याला सभेची तारीख विचारा आणि जायला लावा. भाडं घेणाऱ्याने वर्षातून एक रविवार द्यायला काय हरकत आहे?

तो नाहीच गेला, तर एक वाट उरते आणि ती फार कमी पोरांना माहीत असते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सहकारी संस्था सहसा थेट माहिती अधिकाराखाली येत नाहीत. पण त्याच निकालात हेही आहे की निबंधक हे सार्वजनिक प्राधिकरण आहे आणि कायद्याने त्याला संस्थेची जी माहिती मिळवता येते ती त्याच्याकडे मागता येते. उपविधी तर त्याच्याच कार्यालयात नोंदवलेले असतात. ते मागायला सभासद असावं लागत नाही. तुमच्या भागाच्या ‘उपनिबंधक, सहकारी संस्था’ कार्यालयाच्या नावाने अर्ज करायचा, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. वडापावही आता याहून महाग झालाय. मजकूर एका ओळीचा: ‘अमुक सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या नोंदणीकृत उपविधींची व त्यांतील मंजूर दुरुस्त्यांची प्रत मिळावी.’ उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, म्हणून हा अर्ज सेमिस्टरच्या सुरुवातीलाच टाका. घर सोडण्याचे फोन नेमके परीक्षेच्या आठवड्यात येतात.