२० मार्चच्या महाडात वामनदादा

२० मार्चला महाडचं चवदार तळं माणसांनी फुलतं. १९२७ साली याच दिवशी डॉ. आंबेडकरांनी इथलं पाणी ओंजळीत घेतलं. पोलादपूरसारख्या शेजारच्या तालुक्यांतूनही लोक येतात आणि भीमगीतं कानावर पडतात. त्यांतली कितीतरी वामनदादा कर्डकांची!

सिन्नरच्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेल्या दादांना शाळा लाभली नाही. मुंबईत गिरणीत काम करताना ते अक्षरं शिकले, आणि दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरं. १९४३ साली पहिलं गीत लिहिलं. मग आयुष्यभर गावोगाव फिरस्ती. गीतकार तेच, गायकही तेच. प्रल्हाद शिंद्यांसारख्या गायकांनीही त्यांची गीतं गायली.

दादा २००४ साली गेले. त्यांची गीतं मात्र उरली. पण त्यांची खरी मजा ध्वनिमुद्रणात नाही. कोरस झेलणाऱ्या गर्दीत उभं राहून ऐका!