इंदूर-गोवा हवाई प्रवास : अंतर किती, वेळ किती?

महाकाल आणि ओंकारेश्वराच्या दर्शनासाठी निघणाऱ्या गोमंतकीयांना तसेच सुटीत किनाऱ्याकडे वळणाऱ्या माळव्यातील मराठी कुटुंबांना इंदूर-गोवा हा मार्ग परिचित आहे. रस्त्याने हे अंतर हजार किलोमीटरहून अधिक भरते, त्यामुळे विमानाचा पर्याय प्रथम आठवतो. मात्र ‘हवाई अंतर किती?’ या साध्या प्रश्नाला आज एकच उत्तर नाही. कारण गोव्यात विमानतळ दोन आहेत.

इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळापासून दाबोळी सरळ रेषेत सुमारे ८४० किलोमीटरवर आहे, तर मोपा सुमारे ८०० किलोमीटरवर. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. हा विमानतळ राज्याच्या उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यात असल्यामुळे इंदूरला चाळीसेक किलोमीटरने जवळ आहे. जेट विमानाच्या हिशेबात हा फरक जेमतेम तीन मिनिटांचा.

ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे अंतर तासाभरात कापले जावे. मग वेळापत्रकात दीड ते पावणेदोन तास का दाखवतात? वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मोजली जाते आणि उतरल्यावर ते नियोजित जागी उभे राहीपर्यंत चालू असते. धावपट्टीपर्यंत जाणे, परवानगीची वाट पाहणे, उंची गाठणे, उतरण्यापूर्वी वेग कमी करीत वळसा घेणे, हे सारे त्यात येते. शिवाय विमान नेमून दिलेल्या हवाई मार्गानेच जाते. मार्ग जवळपास दक्षिणोत्तर असल्याने वरच्या थरांतील पश्चिमी वारे बहुतांशी बाजूने लागतात. परिणामी जाण्या-येण्याच्या वेळेत फारशी तफावत पडत नाही.

थेट विमान नसेल तेव्हा मुंबईमार्गे जावे लागते. इंदूर-मुंबई सुमारे ५०० आणि मुंबई-दाबोळी सुमारे ४२५ किलोमीटर. म्हणजे अंतर वाढते ते केवळ नव्वदेक किलोमीटरने; पण दुसऱ्यांदा चढण्या-उतरण्यात आणि पुढच्या विमानाच्या प्रतीक्षेत कित्येक तास खर्ची पडतात.

खरा हिशेब मात्र जमिनीवर चुकतो. मडगावहून दाबोळी सुमारे २५ किलोमीटर, तर मोपा त्याच्या अडीचपटीहून दूर. काणकोणच्या प्रवाशाला मोपा गाठण्यासाठी शंभर किलोमीटरच्या आसपास रस्ता तुडवावा लागतो. हवेत वाचलेली तीन मिनिटे त्याला दोन तासांहून अधिक महागात पडू शकतात. उलट पेडणे, बार्देश किंवा डिचोलीच्या रहिवाशाला मोपाच सोयीचे.

म्हणून तिकीट काढताना केवळ ‘गोवा’ हे नाव पाहून थांबू नये. दाबोळीची खूण ‘जीओआय’, मोपाची ‘जीओएक्स’. जाताना एक व येताना दुसरा विमानतळ असणेही शक्य आहे. पुढे इंदूरहून उज्जैन सुमारे ५५, तर ओंकारेश्वर ७५ ते ८० किलोमीटर आहे. दर्शनाची वेळ ठरवताना घराच्या उंबरठ्यापासून मंदिराच्या दारापर्यंतचा हिशेब करावा. उड्डाणाचा काळ हा त्यातील लहानसा भाग असतो.