म्हातारपणाचा अभ्यास पाळण्यापासून का करावा लागतो?

संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा बारामतीनंतरचा मुक्काम आमच्या सणसरला असतो. समजा, त्या संध्याकाळी तुम्ही बीपीचं मशीन आणि ग्लुकोमीटर घेऊन पालखीतळावर बसलात आणि साठीपुढच्या 500 वारकऱ्यांना तपासलंत. बहुतेकांचे आकडे चांगले आले, तर निष्कर्ष काय काढाल? महाराष्ट्रातली म्हातारी माणसं ठणठणीत आहेत, असा?

मोजणी बरोबर, मशीन बरोबर, तरीही निष्कर्ष चूक. कारण ज्यांचे गुडघे गेलेत, ज्यांना चार पावलांत धाप लागते, जे अंथरुणाला खिळलेत, ते देहूहून निघालेच नाहीत. तुमच्यासमोर आली ती चालू शकणारी माणसं. याला सिलेक्शन बायस म्हणतात. पेटच्या तयारीत याची व्याख्या सगळे पाठ करतात, पण स्वतःची सिनॉप्सिस लिहिताना तो नेमका तिथेच घुसतो. निरोगी वार्धक्य हा विषय घेणाऱ्यांनी म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं.

घरोघर गेलं तरी दोन अडचणी राहतात

बरं, पालखी सोडा. तुम्ही मतदार यादी घेतली, नावं चिठ्ठ्या टाकून निवडली आणि घरोघर गेलात. 30, 50 आणि 75 वर्षांच्या लोकांना एकाच महिन्यात मोजलंत. हा झाला क्रॉस-सेक्शनल अभ्यास. मधुमेह किती जणांना आहे, चष्मा किती जणांना लागतो, हे यातून कळतं. वय वाढताना शरीरात काय बदलतं, हे मात्र यातून सांगता येत नाही.

पहिली अडचण पिढीची. 75 वर्षांचे आजोबा 30 वर्षांच्या नातवापेक्षा बुटके निघतील. वयाने माणूस थोडा खुजा होतो हे खरं, पण सगळा फरक त्याचा नाही. आजोबांचं बालपण वेगळं होतं, खाणं वेगळं होतं, आजच्याइतक्या लशी नव्हत्या. तुम्ही मोजताय तो वयाचा परिणाम आणि पिढीचा परिणाम यांची मिसळ आहे, आणि एकदाच मोजून ती वेगळी करता येत नाही.

दुसरी अडचण मागे उरलेल्यांची. समजा, साठीच्या 10 जणांत 4 जणांची शुगर फार जास्त होती आणि त्यातले 3 जण पुढच्या दहा वर्षांत वारले. सत्तरीत तुम्ही उरलेल्या 7 जणांची सरासरी काढली, तर ती साठीपेक्षा चांगली दिसू शकते. शुगर कोणाचीच कमी झालेली नाही, फक्त आजारी माणसं यादीतून गेली.

यावर उपाय एकच: तीच माणसं धरून ठेवायची आणि त्यांना पुन्हा पुन्हा मोजायचं. असा धरून ठेवलेला गट म्हणजे कोहोर्ट.

पुण्याजवळची 6 गावं

जगात नावाजलेला एक कोहोर्ट आपल्याच जिल्ह्यात आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या संशोधकांसोबत 1993 मध्ये पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी सुरू केला. पुण्याजवळच्या 6 गावांतल्या विवाहित तरुणींची नोंद आधी केली आणि त्या गरोदर राहिल्यावर त्यांचा आहार, काम, वजन आणि रक्त तपासलं. बाळ जन्मल्यावर वजन, लांबी, कातडीखालची चरबी, सगळं मोजलं.

यामागचा प्रश्न साउथॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांनी 1980 च्या दशकात पुढे आणला होता. जन्मावेळी कमी वजन असलेल्यांना मोठेपणी हृदयविकार जास्त होतो, असं त्यांना इंग्लंडमधल्या जुन्या जन्मनोंदींत दिसलं होतं. म्हणजे साठीतल्या आजाराचा एक धागा गर्भापर्यंत जातो. पण त्यांना जुन्या वह्यांवर अवलंबून राहावं लागलं. पुण्यात मोजणी गर्भापासून, ठरवून सुरू झाली.

मिळालेली उत्तरं विचार करायला लावणारी होती. पुण्याच्या बाळांचं सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, साउथॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. एवढ्या फरकात आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव कमी भरले, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला काटकुळं, आतून चरबीचं प्रमाण जास्त. 2003 मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि ‘थिन-फॅट’ बाळ हा शब्द रूढ झाला.

याच अभ्यासात असंही दिसलं की ज्या आयांच्या खाण्यात दूध, पालेभाज्या आणि फळं जास्त वेळा होती, त्यांची बाळं जन्मावेळी मोठी होती. शेतातलं आणि पाणी वाहण्याचं कष्टाचं काम जास्त असलेल्यांची बाळं लहान होती. बारामती-इंदापूर भागात वाढलेल्यांना यात नवल वाटणार नाही. दूध डेअरीला जातं आणि घरात चहापुरतं राहतं, अशी घरं आपण पाहिलेली असतात.

नातं दिसलं म्हणजे कारण सापडलं का?

इथे घाई करू नका. दूध पिणाऱ्या बाईच्या घरी जमीनही जास्त असेल, दवाखान्यात जायला पैसेही असतील. मग बाळ मोठं झालं ते दुधामुळे की सुबत्तेमुळे? याला कन्फाउंडिंग म्हणतात. संख्याशास्त्राने त्याचा काही भाग वेगळा काढता येतो, पण जे मोजलंच नाही ते वजा करता येत नाही.

बी-12 चं उदाहरण घ्या. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस, मासे अशा प्राणिज पदार्थांतून मिळतं. या अभ्यासातल्या सुमारे दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांत ते कमी होतं. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, ज्या आयांचं बी-12 कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये 6 व्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध सर्वाधिक होता. पण हे नातं आहे, पुरावा पूर्ण नाही. म्हणून 2012 मध्ये ‘प्रिया’ नावाची चाचणी सुरू झाली. त्याच कोहोर्टमधली, आता किशोरवयात आलेली मुलंमुली चिठ्ठ्या टाकल्यासारखी गटांत वाटली: कोणाला बी-12, कोणाला बी-12 सोबत इतर सूक्ष्म पोषकद्रव्यं, कोणाला औषध नसलेली तशीच गोळी. गट नशिबाने ठरला की सुबत्ता सगळीकडे सारखी वाटली जाते. निरीक्षणातून प्रश्न घ्यायचा आणि प्रयोगाने तो तपासायचा, ही पायरी सिनॉप्सिस लिहिताना डोळ्यांसमोर ठेवा.

18 व्या वर्षीचा धक्का

तीच मुलं 6, 12 आणि 18 व्या वर्षी पुन्हा तपासली. 18 व्या वर्षी 37 टक्के मुलगे आणि 18 टक्के मुलींच्या रक्तातली साखर सामान्यापेक्षा जास्त होती. आणि जवळपास निम्मे सगळे जण कमी वजनाचे होते! ‘शुगर म्हणजे खात्यापित्या, पोट सुटलेल्या माणसाचा आजार’ हा समज यापुढे टिकत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ज्यांची साखर 18 व्या वर्षी वाढलेली होती, त्यांची ती 6 व्या आणि 12 व्या वर्षीही इतरांपेक्षा जास्त होती. एकदाच मोजणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं. प्रतिबंधाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे: चाळिशीत तपासणी शिबिर घेतो तेव्हा बराच उशीर झालेला असू शकतो.

मग तुम्ही काय करायचं?

पीएचडीच्या चार-पाच वर्षांत नवा कोहोर्ट उभा करायच्या भानगडीत पडू नका. ते एका माणसाचं काम नाही. आधीच जमवलेली माहिती वापरा. मुंबईच्या आयआयपीएसने केलेल्या ‘लासी’ या देशव्यापी वार्धक्य अभ्यासाच्या 2017-18 च्या पहिल्या फेरीत 45 वर्षांपुढचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून 72,000 हून अधिक लोकांची माहिती आहे आणि ती संशोधकांना रीतसर अर्ज करून मिळते. शिरूर तालुक्यातल्या वढूला केईएमच्या संशोधन केंद्राने 22 गावांतल्या लोकसंख्येची नोंद 2002 पासून ठेवली आहे.

गाईडला भेटण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. माझ्या नमुन्यात कोण येऊच शकलं नाही? मला वयाचा परिणाम दिसतोय की पिढीचा? मधेच गळालेली माणसं उरलेल्यांसारखीच होती का? यातल्या एकाचंही उत्तर नसेल, तर प्रश्नावली छापायला टाकू नका.

शेवटचा मुद्दा माणसांचा. 6 गावांतली माणसं रक्त द्यायला वर्षानुवर्षं परत आली, ती घरी जाणाऱ्या आरोग्य सेविकांवर विश्वास होता म्हणून. रिपोर्ट घरी नेऊन न देणाऱ्या, फक्त सही घेऊन जाणाऱ्या संशोधकाला गाव दुसऱ्यांदा ओट्यावरही बसू देत नाही. कोहोर्ट टिकतो तो असा.

त्या अभ्यासातली बाळं आज तिशीत आहेत. त्यांची साठी 2055 च्या आसपास येईल, आणि खरं उत्तर तेव्हा मिळेल. ज्यांनी काम सुरू केलं ते तोवर निवृत्त झालेले असतील. तेव्हा त्या वह्या उघडून मोजणी पुढे नेणारं कोणीतरी लागेल, आणि ते आज पेटची तयारी करणाऱ्यांतूनच यायचं आहे.