अपुऱ्या दिवसांचे मूल, कावीळ आणि पुडीतील जंतू

गेल्या हिवाळ्यात उज्जैन येथील एका मराठी कुटुंबाच्या घरी जाण्याचा प्रसंग आम्हांस आला. आठव्या महिन्यात जन्मलेले मूल नुकतेच घरी आले होते. अंग हळदीसारखे पिवळे झालेले, आणि दूध ओढण्याचीही शक्ती नव्हती. आजीबाई त्यास कोवळ्या उन्हात घेऊन बसल्या होत्या. वडिलांनी दुकानातून प्रोबायोटिकची पुडी आणली होती. शेजारीण पीलिया उतरविणाऱ्याचा पत्ता सांगत होती. "फादर, यांतले खरे काय?" असे मातेने विचारले. आम्ही एवढेच म्हणालो, "आधी बाळाला डॉक्टरांकडे न्या." उरलेले उत्तर आज देत आहोत.

तांबड्या रक्तपेशी मोडल्या म्हणजे बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते पित्तावाटे आतड्यात सोडते व शौचावाटे ते बाहेर पडते. अपुऱ्या दिवसांच्या मुलाचे यकृत अद्याप कच्चे असते. दूध थोडे पोटात जाते, शौचास विलंब लागतो, आणि आतड्यात उतरलेले द्रव्य पुन्हा रक्तात शोषले जाते. ते फार वाढल्यास मेंदूस इजा होऊन कायमचे बहिरेपण वा पंगुत्व येऊ शकते. पूर्ण दिवसांच्या मुलापेक्षा अशा मुलास हा धोका कमी प्रमाणातही संभवतो.

आता पुडीचा विचार करू. विरजणाने दूध पालटते, तसे आतड्यातील काही जंतू या पिवळ्या द्रव्याचे रूप पालटतात; मग ते परत शोषले जात नाही. अंगावर पिणाऱ्या अर्भकांच्या शौचातील उपकारक जंतू पॅरिस येथे आंरी तिसिए यांनी १८९९ साली दाखवून दिले. तेव्हा पुडीमागील कल्पना निराधार नव्हे. काही प्रयोगांत कावीळ थोडी लवकर उतरल्याचेही आढळले. तथापि हा पुरावा तोकडा आहे, आणि अपुऱ्या दिवसांच्या मुलास हे जिवंत जंतू क्वचित घातकही ठरतात. अशाच एका बालकाच्या रक्तात पुडीतील जंतू शिरून ते दगावल्यानंतर २०२३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रुग्णालयांना सावधगिरीचा इशारा दिला. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून पुडी देऊ नये.

आजीबाईंच्या उन्हातही तथ्य आहे. इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात १९५६ साली वॉर्ड नावाच्या परिचारिका अशा मुलांना अंगणात उन्हात नेत. उघड्या अंगाचा पिवळेपणा उतरला, चादरीखालचा मात्र राहिला, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यातूनच निळ्या प्रकाशाचा उपचार निघाला. हा प्रकाश त्वचेतील द्रव्याचे असे रूपांतर करतो, की यकृताच्या साहाय्यावाचूनही ते बाहेर पडते. परंतु उन्हाचे माप कोण घेणार? नाजूक मुलास त्यात थंडी बाधते किंवा अंग भाजते, आणि मोलाचा वेळ जातो. गंडेदोरे व काविळीची माळ यांविषयी तर बोलावयासच नको.

मग घरच्यांनी करावे काय? आईचे दूध वारंवार द्यावे. ओढता येत नसेल तर काढून वाटी-चमच्याने पाजावे. त्याने शौच वेळेवर होते, शिवाय त्यातील काही शर्करा उपकारक जंतूंचेच अन्न होय. या दुधाचे मोल ओळखूनच डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभारली.

पहिल्याच दिवशी पिवळेपणा दिसला, तो तळहात-तळपायांपर्यंत पोहोचला, मूल सुस्त पडले, दूध सोडू लागले, कर्कश रडू लागले किंवा शौच पांढरट झाले, तर रात्रही थांबू नये.

त्या बाळास दोन दिवस निळ्या प्रकाशाखाली ठेवावे लागले. आज ते अंगणात रांगते आहे. पुडी तशीच फडताळात पडून आहे.